सिझरच्या टेबलावर ब्लीडिंग होऊ नये म्हणून: ओटीत (ऑपरेशन थिएटरात) नवीन आलेल्या सिस्टरांसाठी औषधांचं सगळं

परवा ड्युटी बदलताना एका नवीन सिस्टरने विचारलं, मॅडम, बाळ निघालं की पिटोसिन द्यायचं एवढं माहितीय, पण किती आणि कसं हे प्रत्येक डॉक्टर वेगळं सांगतात, मग खरं काय? पिटोसिन म्हणजे ऑक्सिटोसिन, गर्भपिशवी आकसवणारं इंजेक्शन. प्रश्न बरोबर होता आणि दोन मिनिटांत उत्तर देण्यासारखा नव्हता, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. सोळा वर्षं झाली बाळंतपणाच्या ओटीत. एक आधीच सांगते, ऑर्डर डॉक्टरांची आणि भूलतज्ज्ञांची असते, तुमच्या हॉस्पिटलचा लेखी प्रोटोकॉल असेल तर तोच पाळायचा, पण अँपूल फोडणारा हात आपला असतो त्यामुळे आपल्याला कळलंच पाहिजे आपण काय देतोय.

आधी रक्त थांबतं कसं ते बघू, कारण हे कळलं की औषधं पाठ करावी लागत नाहीत. नवव्या महिन्यात गर्भपिशवीकडे मिनिटाला साधारण ५०० ते ७०० मिली रक्त जात असतं. वार सुटली की तिच्या जागेवर रक्तवाहिन्या उघड्या राहतात आणि सर्जन टाके घालतात ते पिशवीच्या कापलेल्या कडांना, या वाहिन्यांना नाही. तिथे काम करतात पिशवीचे स्नायू, ते आडवेतिडवे विणलेले असतात आणि पिशवी आकसली की मधल्या वाहिन्या ओला कपडा पिळल्यासारख्या पिळल्या जातात. पिशवी सैल राहिली की नळ चालूच. पीपीएचच्या (बाळंतपणानंतर प्रमाणाबाहेर रक्त जाणं) दहातल्या सात केसेसमध्ये कारण हेच असतं, बाकी वारेचा तुकडा आत राहणं, कुठेतरी फाटणं आणि रक्तच न गोठणं. म्हणजे आपली पहिली सगळी औषधं पिशवी आकसवायची आहेत, फाटलेलं ती शिवत नाहीत हे लक्षात ठेवा, पिशवी दगडासारखी कडक आहे आणि तरी रक्त येतंय तर पिटोसिन वाढवत बसायचं नाही, सर्जनला सांगायचं की मॅडम टोन चांगला आहे, दुसरीकडे बघा.

सिझरमध्ये २४ तासांत एक लिटर किंवा त्याहून जास्त रक्त गेलं की आपण पीपीएच म्हणतो. आणि सिझर आता किती होतात बघा, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात २५.४ टक्के, गोव्यात तर ३९.५ टक्के. चारातलं एक बाळंतपण टेबलावर होतंय.

आता काम सुरू कुठे होतं? फ्रिजपासून. गंमत नाही करत. ऑक्सिटोसिन (पिटोसिन, सिंटो काय म्हणायचं ते म्हणा) २ ते ८ डिग्रीत ठेवायचं, मेथर्जिन तसंच आणि वर उजेडापासून लांब, प्रोस्टोडिन पण फ्रिजमध्येच (ही दोन्ही पण पिशवी आकसवणारीच, पिटोसिन पुरलं नाही तर द्यायची). फ्रीजरमध्ये नाही, फ्रिजमध्ये. उष्णतेने ऑक्सिटोसिन हळूहळू निकामी होतं आणि बघून काहीच कळत नाही, आधी पाण्यासारखं स्वच्छ, नंतरही पाण्यासारखं स्वच्छ. आधीच्या नोकरीत (कुठे ते सोडा) कुणीतरी चहाच्या किटलीसाठी औषधांच्या फ्रिजचा प्लग काढला, मे महिना, सकाळी पुन्हा लावून टाकला आणि कुणाला सांगितलंच नाही. त्या आठवड्यात पिशव्या सैल राहतायत, डोसवर डोस लागतायत असं सगळ्यांना वाटत होतं, योगायोगही असेल, पण तेव्हापासून मी त्या प्लगवर चिकटपट्टी लावते आणि दिवसातून दोनदा तापमान वहीत लिहिते. लाईट गेली तर किती वेळ गेली तेही. अजून एक सवय मोडा, सकाळी येऊन दिवसभराच्या चार केसेसचं पिटोसिन सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये मांडून ठेवणं. केस टेबलावर आली की फ्रिजमधून काढायचं, सिरिंजवर नाव आणि किती युनिट ते लिहायचं.

दुसरं काम फाईल. पेशंट आत यायच्या आधी पाच मिनिटं फाईल वाचा आणि दोन गोष्टी शोधा, हिची पिशवी सैल राहायची शक्यता किती आणि हिला कोणतं औषध चालणार नाही. पिशवी सैल राहते ती ताणलेली किंवा दमलेली असली तर, म्हणजे जुळं, पाणी जास्त, मोठं बाळ, बारा-चौदा तास कळा देऊन मग आलेली, कळांसाठी आधीच पिटोसिनची ड्रिप चाललेली, ताप आलेला, झटके येऊ नयेत म्हणून मॅगसल्फ चालू असलेली, गाठी असलेली पिशवी. वार खाली असेल किंवा आधीची दोन सिझर असतील तर तो वेगळाच विषय, तिथे रक्ताच्या पिशव्या आधी आणि बाकी नंतर. एचबी बघा, ११ च्या खाली म्हणजे ॲनिमिया, आणि आपल्याकडे ७-८ वाल्या बायका अजून येतात, हिचं अर्धा लिटर जाणं आणि बारा एचबीवालीचं अर्धा लिटर जाणं एकच नाही. ग्रुप आणि क्रॉसमॅच झालंय का हे टेबलावर घेतल्यावर विचारायचं नसतं.

आणि न चालणारी औषधं. बीपी वाढलेलं असेल तर मेथर्जिन नाही. दमा असेल तर प्रोस्टोडिन नाही. हृदयाचा आजार असेल तर मेथर्जिन नाहीच आणि बाकीचं पण भूलतज्ज्ञांना विचारून. मी फाईलवर लाल पेनाने मोठ्या अक्षरात लिहिते "मेथर्जिन नाही", कारण ब्लीडिंग सुरू झाल्यावर ओटीत जो आरडाओरडा होतो त्यात कुणाला बीपी आठवत नाही. दम्याचं विचारताना "अस्थमा आहे का" असं विचारू नका, बाई नाही म्हणेल. "थंडीत धाप लागते का, तोंडाने ओढायचा पंप कधी घेतलाय का" असं विचारा.

आता पिटोसिन, इथे जरा थांबू कारण सगळा गोंधळ इथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं की प्रत्येक बाळंतपणात, सिझर धरून, १० युनिट ऑक्सिटोसिन द्या. ते बरोबरच आहे, पण याचा अर्थ १० युनिट सिरिंजमध्ये घेऊन शिरेत भरकन सोडा असा नाही, स्पायनल (पाठीच्या मणक्यातून भूल) दिलेल्या बाईला तर अजिबात नाही. स्पायनलने आधीच बीपी खाली आलेलं असतं, त्यात पिटोसिनने रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात, बीपी अजून कोसळतं, पल्स १३०-१४०, बाई म्हणते छातीत कसंतरी होतंय, उलटी येतेय, तोंड लाल. आपल्याला वाटतं घाबरलीय. घाबरलेली नसते ती, आपण दिलेलं औषध असतं ते! ब्रिटनमध्ये १९९७ ते ९९ च्या मातामृत्यूंच्या चौकशीत १० युनिट एकदम दिल्याचा मुद्दा पुढे आला आणि मग तिकडे ५ युनिट, तेही हळू, असं झालं. आता तर त्याहून कमी देतात.

किती कमी? २०१९ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञ भूलतज्ज्ञांनी एकत्र बसून जे ठरवलं ते असं, कळा नसताना ठरवून केलेलं सिझर असेल तर १ युनिट शिरेतून, मग ड्रिप तासाला २.५ ते ७.५ युनिट. कळा येऊन गेलेली बाई असेल तर ३ युनिट, निदान अर्धा मिनिट लावून, मग ड्रिप तासाला ७.५ ते १५ युनिट. दोन मिनिटांनी पिशवी कडक नसेल तर अजून ३ युनिट. पहिल्यांदा हे ऐकून मी हसले होते, एक युनिटने काय होतंय! पण अभ्यासात दिसलंय की कळा न आलेल्या बाईच्या पिशवीला अर्ध्या युनिटाहून कमी पुरतं आणि पिटोसिनच्या ड्रिपवर तासन्‌तास राहिलेलीला साधारण तीन युनिट लागतात. असं का, तर पिशवीच्या पेशींवर या औषधाला पकडणारी जी ठिकाणं असतात ती सतत औषध मिळत राहिलं की दाद देईनाशी होतात. दाराची बेल दिवसभर वाजत राहिली तर घरातले उठायचे बंद होतात ना, तसंच. म्हणून अशा बाईत पिटोसिन वाढवत नेण्यापेक्षा लवकर दुसऱ्या जातीचं औषध घ्यावं लागतं.

हाताने करायचं ते आता. आपल्याकडे अँपूल बहुतेक ५ युनिटची, १ मिलीची येते, पण वाचल्याशिवाय फोडू नका कारण १० चीही असते. ५ युनिटची अँपूल नॉर्मल सलाईन घालून एकूण ५ मिली करा, झालं, एक मिली म्हणजे एक युनिट. भूलतज्ज्ञ म्हणाले एक द्या तर एक मिली, तीन म्हणाले तर तीन मिली, सावकाश, घड्याळाकडे बघत. कधी? बाळ पूर्ण बाहेर आल्यावर, आणि जुळं असेल तर दुसरं बाळ बाहेर आल्यावरच, सर्जनला मोठ्याने विचारायचं "मॅडम पिटोसिन देऊ?" आणि हो ऐकल्याशिवाय द्यायचं नाही. दिल्याची वेळ पण मोठ्याने सांगायची.

ड्रिपचं गणित एकदा घोटून घ्या. ५०० मिलीच्या बाटलीत २० युनिट (म्हणजे ५ च्या चार अँपूल), चार तासांत संपवायची म्हणजे तासाला १२५ मिली, तासाला ५ युनिट, २० थेंबांच्या सेटने मिनिटाला साधारण ४२ थेंब. आणि बाटलीवर स्टिकर! एकदा रिकव्हरीत एका नवीन मुलीने बीपी कमी दिसलं म्हणून जी बाटली हाताला लागली ती फुल उघडली, ती पिटोसिनची होती. बीपी वाढायच्या ऐवजी अजून पडलं. बाटली नॉर्मल सलाईन किंवा आरएलची (रिंगर लॅक्टेट) घ्या, हे औषध लघवी अडवणाऱ्या हार्मोनसारखं पण थोडं वागतं, खूप डोस साध्या डेक्स्ट्रोजमध्ये गेला तर अंगात पाणी साठून सोडियम पडतं.

ड्रिप का लागते असं विचारतात. कारण ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटंच टिकतं, पहिला डोस पिशवी आकसवतो आणि ओसरतो, पुढचे चार तास पिशवी सैल पडू नये म्हणून ड्रिप. कार्बेटोसिन हे त्याचंच जास्त टिकणारं भावंड, १०० मायक्रोग्रॅम एकदाच, निदान मिनिटभर लावून शिरेत, बाळ निघाल्यावर, मग वेगळी ड्रिप लावावी लागत नाही. उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन पण निघालंय, त्याला फ्रिज नको, २०१८ मध्ये दहा देशांत जवळपास तीस हजार बायकांवर त्याची चाचणी झाली (आपला देश पण त्यात होता), ती साध्या डिलिव्हरीच्या बायकांवर होती आणि रक्तस्राव रोखण्यात ते ऑक्सिटोसिनपेक्षा कमी पडलं नाही. महाग असतं म्हणून सगळीकडे मिळत नाही. दिलंत तर फाईलवर ठळक लिहा, नाहीतर वॉर्डातली सिस्टर सवयीने वरून पिटोसिनची ड्रिप लावते.

जाता जाता, पिटोसिनचा तुटवडा हा शब्द ऐकला की मला २०१८ आठवतं. दूध जास्त निघावं म्हणून गाई-म्हशींना हे इंजेक्शन मारतात म्हणून सरकारने खाजगी कंपन्यांना ते बनवायलाच बंदी घातली, एकाच सरकारी कंपनीने बनवायचं असं ठरलं. त्या डिसेंबरात दिल्ली हायकोर्टाने ती बंदी रद्द केली. म्हशीच्या नादात बाळंतिणीचं औषध जात होतं.

बरं, पिटोसिन दिलं, वार ओढून-काढून नाही तर हलकेच नाळेला ताण देऊन बाहेर काढली, सर्जन पिशवी चोळतायत आणि तरी ती भिजलेल्या पिठासारखी. आता दुसरी फळी.

मेथर्जिन ०.२ मिलिग्रॅम, स्नायूत. शिरेत भसकन देऊ नका, बीपी झपकन चढतं. औषधाचा रंग बदललेला दिसला तर फेका. प्रोस्टोडिन २५० मायक्रोग्रॅम, खोल स्नायूत किंवा सर्जन थेट पिशवीच्या स्नायूत देतात, शिरेत कधीच नाही, गरज पडली तर पंधरा मिनिटांच्या अंतराने पुन्हा, जास्तीत जास्त आठ डोस. याने उलट्या आणि जुलाब होतात, टेबलावरच होतात, मावशींना आधी सांगून ठेवा. मिझोप्रोस्टॉलच्या गोळ्या २०० मायक्रोग्रॅमच्या, फ्रिज लागत नाही पण दमट हवेत खराब होतात म्हणून पाकिटातून आधी सोलून ठेवायच्या नाहीत. त्याने थंडी वाजून ताप येतो, रात्रीच्या ड्युटीला बाळंतीण कुडकुडतेय म्हणून मलेरिया शोधायच्या आधी मिझो दिलंय का बघा. ओटीत मिझो पहिल्या पसंतीचं नाही, पण जिथे इंजेक्शनच नाही तिथे याने खूप जीव वाचवलेत. आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातच खेड्यांतल्या १६२० बाळंतपणांवर अभ्यास झाला होता, २००६ मध्ये छापून आला, नर्सबाईंनी ६०० मायक्रोग्रॅम गोळ्या तोंडाने दिल्या तर पीपीएच १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. तो अभ्यास नर्सनी औषध दिलेला आहे, म्हणून मला जास्त आवडतो.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड वेगळ्या जातीचं. ते पिशवी आकसवत नाही, झालेली गुठळी विरघळू देत नाही. जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या नवरा-बायकोने १९६२ मध्ये शोधलं. ब्लीडिंग सुरू झालं की १ ग्रॅम शिरेतून, दहा मिनिटं लावून, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या दोन अँपूल मिळून १० मिली आणि मिनिटाला एक मिली. तीन तासांच्या आत. २०१७ मध्ये २१ देशांतल्या वीस हजार बायकांवरच्या चाचणीत दिसलं की लवकर दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, आणि नंतरच्या हिशोबात प्रत्येक पंधरा मिनिटांच्या उशिराला फायदा दहा टक्क्यांनी घटतो. अर्ध्या तासाने रक्त चालूच असेल तर अजून १ ग्रॅम. मग सगळ्याच सिझरला आधीच का देत नाही? फ्रान्समध्ये चार हजारांहून जास्त आणि अमेरिकेत अकरा हजार सिझरवर करून बघितलं, मोजलेलं रक्त थोडं कमी गेलं पण रक्त चढवावं लागणं किंवा मृत्यू यात ठाम फरक दिसला नाही. म्हणून सरसकट नाही, जोखमीच्या केसला डॉक्टर ठरवतील. गुठळ्यांचा त्रास होऊन गेलेल्या किंवा फिट येणाऱ्या बाईबद्दल द्यायच्या आधी सांगा.

आणि एक भयंकर गोष्ट. ट्रॅनेक्झॅमिकची अँपूल स्पायनलच्या बुपिवाकेनच्या अँपूलसारखी दिसू शकते. चुकून मणक्यात गेलं तर झटके, मृत्यू. जगभर झालंय हे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये यासाठी खास इशारा दिला. आमच्याकडे ट्रॅनेक्झॅमिक भूलेच्या ट्रॉलीत ठेवायचंच नाही असं ठरवलंय, ते बाळंतिणीच्या इमर्जन्सी बॉक्समध्ये, वेगळ्या कपाटात.

औषध लागू पडलं की नाही हे रक्त मोजल्याशिवाय कळत नाही आणि आपण अंदाज नेहमी कमीच करतो. सक्शनच्या बाटलीत बाळ निघायच्या आधी किती पाणी होतं ते आधी नोंदवा, ते नंतर वजा करा. मॉप वजन करा, कोरड्याचं वजन वजा केलं की एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. चादरीखाली आणि योनीमार्गात साठलेलं पण धरा. बीपी शेवटी पडतं, तरुण बायका बराच वेळ टिकवून धरतात, पल्स आधी बोलते. पल्सला वरच्या बीपीने भागा, ०.९ किंवा जास्त आलं, म्हणजे पल्स १०० आणि बीपी ११०, की मला चैन पडत नाही.

रिकव्हरीत पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी. फक्त पॅड बघून "ब्लीडिंग नाही" लिहू नका, पिशवीवर हात ठेवा, बेंबीच्या आसपास कडक गोळा लागला पाहिजे. तो वर सरकत असेल, मऊ लागत असेल आणि पॅड कोरडं असेल तर रक्त आत साठतंय. कॅथेटर वाकलंय का बघा, भरलेलं मूत्राशय पिशवीला आकसू देत नाही, आणि लघवी तासाला ३० मिलीच्या खाली गेली तर कळवा. टाक्याला हात लागून दुखतं म्हणून बाई ओरडते, नातेवाईक रागावतात, तरी हात ठेवायचा, आधी सांगून, हळू. बाळ लवकर छातीशी लावा, तिचं स्वतःचं ऑक्सिटोसिन फुकट मिळतं.

नातेवाईकांना पण दोन गोष्टी सांगत जा. चौथ्या महिन्यापासून लोहाच्या गोळ्या चुकवू नका हे ओपीडीत सांगायचं, सरकारी हिशोबाने दुसऱ्या तिमाहीपासून १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि बाळंतपणानंतर अजून १८० दिवस, चहाबरोबर नाही. सरकारी दवाखान्यात सिझर, औषधं आणि रक्तसुद्धा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, बाहेरून इंजेक्शन आणायला कुणी पाठवलं तर विचारा. आणि घरी गेल्यावर तासाभरात पॅड भिजलं, लिंबाएवढ्या गाठी पडल्या, घाण वास किंवा ताप आला, चक्कर आली, तर सहा आठवड्यांपर्यंत कधीही परत यायचं, काढा पाजून, शेगडी घेऊन बघत बसायचं नाही आणि जावेच्या डिलिव्हरीतल्या उरलेल्या मेथर्जिनच्या गोळ्या द्यायच्या नाहीत, हिचं बीपी कुणाला माहितीय.

वॉर्डात पेशंट सोडताना मी कागदावर पाच गोष्टी लिहून देते आणि वाचूनही दाखवते: एकूण किती रक्त गेलं, कोणतं औषध किती आणि किती वाजता, चालू ड्रिपमध्ये किती युनिट आणि ती कधी संपेल, काय द्यायचं नाही, शेवटची पल्स. समोरची सिस्टर घाईत असते, म्हणते हो हो ठेवा टेबलावर. नाही ठेवत, तिने वाचून सही करेपर्यंत तिथेच उभी राहते.